केनियाच्या उत्तरेचं जुनं येणं

केनियाच्या राजकारणात दर काही वर्षांनी एक घोषणा नव्याने ऐकू येते: एक माणूस, एक मत, एक शिलिंग. केंद्राच्या तिजोरीतून काउंट्यांना, म्हणजे स्वतःचं निवडून आलेलं सरकार असलेल्या 47 जिल्ह्यांना, जो पैसा जातो, तो डोकी मोजून वाटा, असा तिचा अर्थ. मे 2024 मध्ये लिमुरूला दाट वस्तीच्या माउंट केनिया भागातल्या नेत्यांची परिषद भरली, तिथे ही मागणी पुन्हा मांडली गेली. तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गचाग्वा तर गावोगावी तेच सांगत फिरत होते. ऐकायला घोषणा इतकी सरळ आणि लोकशाहीवादी वाटते की तिला विरोध करणारा माणूस आपोआप कुणाचा तरी हक्क मारणारा ठरतो.

माझं मत विरोधातच आहे. केनियासारख्या देशात केवळ डोकी मोजून पैसा वाटणं म्हणजे 1965 मध्ये केलेला अन्याय 'समता' या नावाखाली पुन्हा करणं. हे पटवून द्यायचं तर आधी नकाशा उघडावा लागेल.

केनियाचं क्षेत्रफळ सुमारे 5 लाख 80 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लोकसंख्या 2019 च्या जनगणनेत 4 कोटी 76 लाख. पण ही माणसं देशभर सारखी पसरलेली नाहीत. सुमारे 80 टक्के भूभाग कोरडा किंवा अर्धकोरडा आहे. बहुतेक लोक मधल्या उंच, थंड, लाल मातीच्या पठारावर, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आणि किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. नैरोबीला खेटून असलेल्या किआंबू काउंटीत अडीच हजार चौरस किलोमीटरमध्ये 24 लाख लोक राहतात. उत्तरेची मार्साबित काउंटी साधारण आपल्या अख्ख्या मराठवाड्याएवढी, आणि तिथे माणसं आहेत 4 लाख 60 हजार. औरंगाबादपासून नांदेडपर्यंतच्या सगळ्या मुलखात फक्त एका मध्यम शहराची वस्ती विखुरली आहे, आणि तीही उंट-शेळ्यांमागे ऋतूप्रमाणे जागा बदलते, अशी कल्पना करा. मग तिथे एक दवाखाना चालवायला काय पडतं याचा अंदाज येईल. किआंबूतल्या परिचारिकेला दिवसभरात जेवढे रुग्ण भेटतात, तेवढे गाठायला मार्साबितमध्ये जीप, डिझेल आणि दोन-तीन दिवस लागतात. शिलिंग तोच, पण तो पोहोचतो किती अंतरापर्यंत?

हा झाला भूगोल. तेवढंच असतं तर 'निसर्गानेच तसं दिलंय, त्याला कोण काय करणार' म्हणून विषय संपवता आला असता. पण किआंबूची हिरवाई आणि मार्साबितचा ओसाडपणा यांच्यामध्ये सरकार नावाची गोष्ट उभी आहे.

1896 ते 1901 या काळात ब्रिटिशांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत रेल्वे टाकली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. नैरोबी हे शहरच मुळात 1899 मध्ये या रेल्वेचा तळ म्हणून वसलं. रुळांचा खर्च भरून निघावा म्हणून दोन्ही बाजूंची सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना दिली गेली. मग त्यांच्यासाठी रस्ते, बाजार, शाळा, इस्पितळं, संशोधन केंद्रं आली. स्वातंत्र्य आलं तेव्हा हा सगळा संसार मधल्या पठारावर मांडलेला होता. उत्तरेला 'नॉर्दर्न फ्रंटियर डिस्ट्रिक्ट' म्हणत. तिथे परवान्याशिवाय जाता येत नसे, आणि सरकार म्हणजे गस्त घालणारे सैनिक.

12 डिसेंबर 1963 ला देश स्वतंत्र झाला. तेव्हाच्या राज्यघटनेत प्रांतांना बऱ्यापैकी अधिकार होते. 'माजिंबो' म्हणून ओळखली जाणारी ती रचना देशाचे पहिले नेते जोमो केन्याटा यांच्या सरकारने वर्षभरात मोडीत काढली आणि सत्ता नैरोबीत गोळा केली. पाठोपाठ 1965 मध्ये 'सेशनल पेपर क्रमांक 10' हा सरकारी धोरणाचा मसुदा आला. त्याचं शीर्षक 'आफ्रिकी समाजवाद आणि केनियातील नियोजनात त्याचा उपयोग' असं भारदस्त होतं, सूत्रधार होते नियोजनमंत्री टॉम म्बोया. त्यात स्वच्छ म्हटलं होतं की विकासाचा पैसा जिथे उत्पादन सर्वांत जास्त वाढेल तिथे गुंतवावा. म्हणजे जिथे जमीन चांगली, पाऊस बरा, वाहतूक आणि वीज आधीच आहे आणि लोक विकासाला 'अनुकूल' आहेत तिथे. या संपन्न भागातून निघणारं वरकड उत्पन्न पुढे मागास भागांकडे वळवू, असं आश्वासन होतं. ते 'पुढे' कधी उजाडलं नाही.

त्या काळाच्या संदर्भात पाहिलं तर हे धोरण वेडगळ नव्हतं. हातात पैसा थोडा, देश नवा, परदेशी कर्ज देणारे दारात. अनेक देशांनी तेच केलं. तरीही त्याला विरोध झालाच, आणि त्यातलं एक नाव गोव्याशी जोडलेलं आहे. पिओ गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेला गोवेकर, मुंबईत आणि गोव्यात पोर्तुगीजविरोधी चळवळीत वावरलेला, परत जाऊन केनियाच्या लढ्यात पडलेला, ब्रिटिशांनी स्थानबद्ध केलेला, 1964 मध्ये संसदेत गेलेला. सेशनल पेपरला तोडीस तोड पर्यायी मसुदा तो तयार करत होता, असं त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवलंय. 24 फेब्रुवारी 1965 ला नैरोबीत स्वतःच्या घराच्या फाटकाशी त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानली जाते. म्बोयांचाही 1969 मध्ये भर रस्त्यात खून झाला. मसुद्यामागच्या वादाचा निकाल असा बंदुकीने लागत गेला आणि धोरण मात्र राहिलं.

उत्तरेच्या वाट्याला धोरणाबरोबर आणखी एक गोष्ट आली. 1962 मध्ये ब्रिटिशांनी नेमलेल्या आयोगापुढे तिथल्या सोमाली लोकांनी प्रचंड बहुमताने सोमालियात जायची इच्छा सांगितली होती. ती डावलली गेली. 1963 ते 1967 बंडाळी चालली, सरकारने ती 'शिफ्ता' म्हणजे दरोडेखोरांचं युद्ध ठरवली, आणि आणीबाणी लावली. बंड संपलं तरी आणीबाणी उठली ती 1991 मध्ये. फेब्रुवारी 1984 मध्ये ईशान्येच्या वाजीर शहराजवळच्या वागाला धावपट्टीवर सैनिकांनी देगोदिया या सोमाली कुळातल्या पुरुषांना गोळा करून दिवसेंदिवस उन्हात उपाशी ठेवलं आणि मारलं. सरकारी आकडा 57. पुढे सत्य आयोगाने खरा आकडा हजाराच्या घरात असावा असं म्हटलं. नैरोबीहून आलेल्या माणसाला उत्तरेतले लोक 'काय म्हणतंय केनिया?' असं विचारतात ते उगाच नाही.

2007 च्या डिसेंबरात निवडणुकीनंतर देश पेटला. हजारांवर माणसं मेली, लाखो बेघर झाली. बाहेरच्या वार्ताहरांनी त्याला जमातींमधलं वैर म्हटलं, जणू किकुयू आणि कालेंजिन पिढ्यानपिढ्या सुऱ्या परजून बसले होते. भांडण जमिनीचं होतं आणि राष्ट्राध्यक्षपदाचं होतं. सगळा पैसा, सगळ्या नेमणुका, सगळे रस्ते एका माणसाच्या सहीने ठरत असतील, तर तो माणूस आपल्यातला असावा म्हणून लोक जिवावर उदार होणारच. या दुखण्यावरचा उपाय म्हणून 27 ऑगस्ट 2010 ला नवी राज्यघटना आली. तिने 47 काउंट्या निर्माण केल्या, प्रत्येकीला निवडून आलेला गव्हर्नर आणि विधानसभा दिली, आरोग्य, शेती, स्थानिक रस्ते, पाणी त्यांच्या हाती सोपवलं. घटना जाहीर करण्याची सही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकींची. 1965 मध्ये नियोजन खात्यात उपमंत्री असलेले हेच ते किबाकी. इतिहासाला कधीकधी असले चिमटे काढायला आवडतं.

वाटणीसाठी महसूल वाटप आयोग नेमला गेला. त्याच्या पहिल्या सूत्रात लोकसंख्येला 45 टक्के वजन होतं, समान हिश्शाला 25, गरिबीला 20, भूक्षेत्राला 8 आणि आर्थिक शिस्तीला 2. घोषणा देणारे एक गोष्ट सांगायचं टाळतात ती ही: डोक्यांना सर्वांत मोठा वाटा पहिल्या दिवसापासून मिळत होताच. मराठवाड्याएवढ्या पसाऱ्याची किंमत सूत्राने धरली फक्त 8 टक्क्यांत. तरी एवढ्या पैशातून काय झालं? स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं ज्या वाजीर शहरात डांबरी रस्ता नव्हता, तिथे तो काउंटी सरकारच्या काळात झाला. शेजारच्या मांडेरा काउंटीतही तसंच. किआंबूच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. दोन-चार किलोमीटर डांबराचं काय कौतुक, असं.

विरोधी बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. गरिबी काउंटीला नसते, माणसाला असते. टक्केवारीत मांडेरा गरीब आहे हे खरं, पण नैरोबीच्या मथारे, किबेरासारख्या वस्त्यांत राहणारे गरीब मोजले तर संख्येने ते जास्त भरू शकतील. मथारेतल्या आईने तिच्या मुलाच्या वाट्याचा पैसा वाजीरच्या मोकळ्या माळाला का द्यावा? शिवाय देशाच्या उत्पन्नातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग एकटी नैरोबी निर्माण करते. कर तिने भरायचा आणि मत दुसऱ्याचं जड?

कराचं उत्तर सोपं आहे. कंपन्यांची मुख्यालयं नैरोबीत म्हणून कर तिथे जमा होतो. मोबाइलवरून पैसे पाठवणारा वायव्येच्या तुर्काना काउंटीतला गुराखी जो आकार भरतो, त्यातला नफाही नैरोबीच्या खात्यातच दिसतो. मार्साबितमध्ये तुर्काना सरोवराजवळ 365 पवनचक्क्या उभ्या आहेत, 310 मेगावॉटच्या. त्यांची वीज शेकडो किलोमीटरच्या तारांवरून दक्षिणेला जाते आणि वाटेतल्या कित्येक वस्त्यांवर रात्री कंदीलच असतो. ज्या जमिनीवर चक्क्या उभ्या राहिल्या तिचे हक्कपत्रच बेकायदा दिल्याचं न्यायालयाने 2021 मध्ये ठरवलं. 'कमी उत्पादक' म्हणून टाकून दिलेल्या भागातून वीज निघाली, 2012 मध्ये तुर्कानात तेलही सापडलं. 1965 चा निकष आज लावायचा म्हटला तरी उत्तरेला पैसा द्यावा लागेल.

मथारेच्या आईचं उत्तर कठीण आहे, आणि ते पूर्ण देता येतं असं मला वाटत नाही. एवढं म्हणता येईल: तिच्यापासून सरकारी इस्पितळ काही किलोमीटरवर आहे. ते तिच्यासाठी चालत नाही, त्यात औषध नाही, रांगेत तिला कुणी विचारत नाही. ती लढाई नैरोबी काउंटीच्या आतली आहे, तिच्या गव्हर्नरशी आहे. मांडेरातल्या आईसाठी इस्पितळ मुळात बांधायचंय, तिथवरचा रस्ता करायचाय, डॉक्टर आणून टिकवायचाय. हा पहिला खर्च माणसं कमी आहेत म्हणून कमी होत नाही, उलट माणशी वाढतो. डोकी मोजून वाटप केलं की तो खर्च कधीच भागत नाही.

महाराष्ट्रात हा हिशोब आपल्याला नवा नाही. 1953 च्या नागपूर करारात पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचं ठरलं आणि मराठवाड्याकडे खास लक्ष द्यायचं वचन होतं. तीस वर्षांनी दांडेकर समितीला अनुशेष मोजायला बसावं लागलं. पुढे घटनेच्या 371 (2) कलमाखाली वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. केनियाच्या घटनाकारांनी निदान हा अनुशेष घटनेतच लिहिला: मागास भागांत पाणी, रस्ते, आरोग्य, वीज यांसाठी राष्ट्रीय महसुलाच्या अर्ध्या टक्क्याचा समतोल निधी, वीस वर्षांसाठी. पैसा वेळेवर सुटत नाही हे दुखणं दोन्हीकडे सारखंच.

काउंट्यांच्या कारभाराबद्दल बोलायचं तर तक्रारींना तोटा नाही. किआंबूचे गव्हर्नर फर्डिनंड वाइटिटू यांना 2020 मध्ये महाभियोगाने काढलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रस्त्यांच्या कंत्राटाच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना 12 वर्षांची कैद किंवा 5 कोटी 35 लाख शिलिंग दंड सुनावला. नैरोबीचे गव्हर्नर माइक सोन्को 2020 च्याच डिसेंबरात पदावरून गेले. कंत्राटदारांची बिलं वर्षानुवर्षं थकतात. 2016-17 मध्ये सरकारी डॉक्टर 100 दिवस संपावर होते, परिचारिकांचा संप त्याहून लांबला, आणि आरोग्य पुन्हा केंद्राकडे द्या ही त्यांच्यातल्या अनेकांची मागणी आहे. पगार वेळेवर न देणाऱ्या काउंट्यांना मी पाठीशी घालणार नाही. तज्ज्ञ डॉक्टरांच्या नेमणुका राष्ट्रीय पातळीवर व्हाव्यात, हे मलाही पटतं. पण 'काउंट्या खातात' हा युक्तिवाद नैरोबीने करावा? वाइटिटूंवर खटला चालला, शिक्षा झाली. केंद्रातल्या जुन्या मोठ्या घोटाळ्यांत किती जण तुरुंगात गेले? आणि माकुएनीसारखी काउंटीही याच रचनेत घडली. तिथे गव्हर्नर किवुथा किब्वाना आणि त्यांच्या विधानसभेचं इतकं बिनसलं होतं की काउंटीच बरखास्त करायची शिफारस झाली. तिथेच नंतर गावसभांतून कामं ठरवण्याची पद्धत रुजली, आंब्याचा गर काढणारा कारखाना उभा राहिला, वर्षाच्या छोट्या वर्गणीत कुटुंबाला काउंटीच्या इस्पितळांत उपचार मिळू लागले. माकुएनी कोरडवाहू आहे, श्रीमंत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. 2025-26 मध्ये सगळ्या 47 काउंट्यांना मिळून 41,500 कोटी शिलिंग ठरले. देशाचा अर्थसंकल्प 4 लाख कोटींच्या वर. म्हणजे किआंबू आणि मांडेरा भांडतायत ते एक दशांशासाठी, बाकी नऊ हिस्से केंद्राकडे. त्यातला मोठा वाटा कर्जाचे हप्ते आणि व्याज खातं. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे चीनच्या कर्जावर बांधली. ती 2017 मध्ये सुरू झाली, आणि धावते ती जवळजवळ 1901 च्याच मार्गाने. जून 2024 मध्ये नव्या करांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, 25 तारखेला संसदेत घुसले, गोळीबारात माणसं मेली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटोंनी वित्त विधेयक मागे घेतलं. त्या तुटीची कुऱ्हाड कुणावर पडली? काउंट्यांचा वाटा 40,011 कोटींवरून 38,742 कोटींवर आणला गेला.

घटनेत काउंट्यांना किमान 15 टक्के द्यायची हमी आहे. हे 15 टक्के मोजायचे ते चालू महसुलाचे नव्हेत, संसदेने मंजूर केलेल्या शेवटच्या लेखापरीक्षित हिशोबाचे. संसद जुने हिशोब मंजूर करायला वर्षं लावते. महसूल दरम्यान फुगतो, पाया मात्र जुनाच राहतो, आणि 'आम्ही घटनेपेक्षा जास्त देतो' असं सांगायची सोय होते. भरीस भर म्हणून खासदारांचा स्वतःचा मतदारसंघ विकास निधी आहे, 2003 पासून. आपल्याकडच्या आमदार निधीचाच भाऊ. काउंटीने करायची कामं त्यातून खासदार करतात आणि पाटी स्वतःची लावतात. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. खासदार त्यावर जेवढ्या एकदिलाने चिडले, तेवढे दुष्काळावर कधी चिडले नाहीत.

2020 मध्ये वाटपाच्या तिसऱ्या सूत्रावरून सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आठवडेच्या आठवडे कोंडी झाली. नवं सूत्र लोकसंख्येकडे झुकलेलं होतं, उत्तरेच्या आणि किनाऱ्याच्या काउंट्यांचा पैसा कमी होणार होता. 17 ऑगस्टला ऐन मतदानाच्या दिवशी विरोधातल्या तीन सिनेटरांना पोलिसांनी उचललं. शेवटी सप्टेंबरात मार्ग निघाला तो एकूण रक्कम 31,650 कोटींवरून 37,000 कोटींवर नेऊन, म्हणजे कुणाचंच कमी न करता. या प्रसंगातून मी घेतो तो अर्थ हा: वाटा वाढला की सूत्राचं भांडण निवतं. किआंबूच्या नेत्यांना जनतेचा खरंच कळवळा असेल तर त्यांनी 15 टक्क्यांचा पाया चालू महसुलावर आणायची मागणी करावी. त्यात त्यांनाही मिळेल आणि मांडेरालाही. पण तशी मागणी केंद्रात मंत्री होऊ पाहणाऱ्याला परवडत नाही, वाजीरशी भांडण परवडतं.

आणि डोकी मोजायचीच म्हटली तर ती मोजली कोणी? 2009 च्या जनगणनेत मांडेरा, वाजीर, तुर्काना, गारिसा भागातल्या आठ जिल्ह्यांचे आकडे अवास्तव वाढलेले म्हणून नियोजनमंत्री विक्लिफ ओपरान्या यांनी रद्द केले. हेच ओपरान्या पुढे काकामेगाचे गव्हर्नर झाले आणि सगळ्या गव्हर्नरांच्या परिषदेचे अध्यक्षही. 2019 च्या जनगणनेचे गारिसा, वाजीर आणि मांडेराचे आकडे जानेवारी 2025 मध्ये गारिसाच्या उच्च न्यायालयाने रद्द ठरवले आणि तिथे नव्याने मोजणी करायला सांगितलं. आकडे फुगवल्याचा आरोप खोटाच असेल असं मी म्हणत नाही. डोक्यामागे पैसा मिळणार असं दिसलं की डोकी वाढवायचा मोह होणारच, उत्तरेत आणि दक्षिणेतही. नेमकं म्हणूनच सूत्रात रस्त्याची लांबी, विहिरीची खोली, जवळच्या इस्पितळाचं अंतर या गोष्टींना वजन हवं. त्या जागच्या हलत नाहीत आणि कुणालाही जाऊन मोजता येतात. डोक्यामागे शिलिंग मागणाऱ्यांनी आधी ही मोजदाद पूर्ण करून मागावी. मग सूत्राचं बोलू.